निकाल वाचून वकील होत नाही

औंध म्हटलं की पुण्यातल्या आयटीवाल्यांना परिहार चौक आणि ट्रॅफिक आठवतं. माझं औंध ते नव्हे. माझं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी. १९४८ पर्यंत हे एक संस्थान होतं. गावं अवघी ७२, आणि तीही सलग नाहीत. काही आजच्या साताऱ्यात, आटपाडी-कुंडलकडची आजच्या सांगलीत, आणि एक तुकडा पार विजापूरकडे. नकाशावर शाई सांडल्यासारखं दिसतं. या एवढ्याशा संस्थानात १९३९ साली कायद्याच्या बाबतीत एक जगावेगळी गोष्ट घडली आणि तिच्यात एका इंजिनिअरचा हात होता. त्या इंजिनिअरकडे येतोच, पण आधी आजचा विषय.

विषय आहे कायद्याच्या शिक्षणातलं तंत्रज्ञान. आता तुम्ही म्हणाल, कोड लिहिणाऱ्याने कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढाव्यात? तर त्याचं असं आहे की माझा आतेभाऊ साताऱ्याकडे एका लॉ कॉलेजात तीन वर्षांच्या एलएलबीला आहे आणि त्याच्या मोबाइल-लॅपटॉपचा मी घरगुती टेक सपोर्ट. त्यामुळे वकिलीच्या विद्यार्थ्याकडे काय काय साधनं असतात हे मी अगदी जवळून बघतोय. साधनं भरपूर आहेत हो! वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, त्यावर सर कायद्याच्या पुस्तकाची पीडीएफ उघडून कलमं वाचून दाखवतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नोट्स येतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तर जुनं ३०२ म्हणजे नवं १०३ आणि जुनं ४२० म्हणजे नवं ३१८ हे सांगणारं अ‍ॅप आहे. यूट्यूबवर प्रत्येक विषयाचे तास आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री आता एआय आहेच.

आणि एवढं सगळं असून, दोन वर्षं झाली तरी या मुलाने एकही दावा पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत पाहिलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: कायद्याच्या शिक्षणात आपण तंत्रज्ञान नेमकं तिथे वापरलं जिथे काम आधीच सोपं होतं. अवघड जागेला अजून हातच लागलेला नाही.

जे झालं ते छोटं नाही, हे आधी कबूल करू. पूर्वी निकाल वाचायचा म्हणजे नागपूरचं 'ऑल इंडिया रिपोर्टर' किंवा लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीचं 'सुप्रीम कोर्ट केसेस' यांचे जाडजूड खंड. ज्या कॉलेजला ते परवडत नाहीत तिथल्या मुलांनी गाईड वाचायचं. मग सीडी आल्या. निकाल असलेल्या सीडी दोन कंपन्यांनी काढल्या, तेव्हा ईस्टर्न बुक कंपनी कोर्टात गेली. मोडक खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. डिसेंबर २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा. मात्र संपादकाने कौशल्याने घातलेली परिच्छेदांची विभागणी, क्रमांक वगैरे गोष्टींवर त्याचा हक्क राहील. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००८ मध्ये, सुशांत सिन्हा या संगणकवाल्याने 'इंडियन कानून' हे फुकट सर्च इंजिन सुरू केलं. आज असा वकिलीचा विद्यार्थी शोधून दाखवा ज्याने ते कधी उघडलेलं नाही! २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्वतःच ई-एससीआर सुरू करून हजारो निकाल अधिकृत स्वरूपात फुकट दिले. निवडक निकालांची मराठी भाषांतरंही येऊ लागली.

त्याहून भारी गोष्ट कोर्टाच्या थेट प्रक्षेपणाची. स्वप्नील त्रिपाठी या लॉच्या विद्यार्थ्याने सुप्रीम कोर्टात याचिका टाकली होती. त्याची तक्रार साधी होती: आम्ही इथे शिकायला येतो, आणि ठरावीक दिवशी आम्हाला कोर्टरूममध्ये घेतच नाहीत. त्या प्रकरणात २०१८ साली निकाल लागला की महत्त्वाच्या खटल्यांचं थेट प्रक्षेपण व्हायला हवं. प्रत्यक्षात ते सुरू व्हायला २७ सप्टेंबर २०२२ उजाडलं. पहिल्या दिवशी घटनापीठांपुढची जी प्रकरणं दाखवली गेली त्यात एक आपल्या शिवसेनेच्या फुटीचं होतं, आणि आणखी एक होतं नव्या वकिलांना द्याव्या लागणाऱ्या बार परीक्षेचं. म्हणजे विद्यार्थ्याच्या तक्रारीतून सुरू झालेली गोष्ट पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या परीक्षेपाशी येऊन थांबली. काय योगायोग आहे बघा :)

मग अडलं कुठे?

अडलं असं की हे सगळं निकालांबद्दल आहे, आणि तेही वरच्या कोर्टांच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर विद्यार्थ्याच्या हातात फक्त कंपाइल झालेला प्रोग्रॅम पडतो. सोर्स कोड कधी दिसतच नाही. एखाद्याला तीन वर्षं निरनिराळी अ‍ॅप्स वापरायला दिली, प्रत्येकावर दोन पानी टिपण लिहून घेतलं, आणि शेवटी सांगितलं की आता तू प्रोग्रॅमर झालास, तर चालेल का आपल्याला?

ही पद्धत आपली नाही. हार्वर्डमध्ये क्रिस्टोफर लँगडेल १८७० साली डीन झाला आणि त्याने वरिष्ठ कोर्टांचे निकाल वाचून कायदा शिकवण्याची पद्धत रुजवली. नुसतं भाषण ऐकण्यापेक्षा ती फार चांगलीच होती. पण वरच्या कोर्टाच्या निकालात हकिकत येते ती दोन-तीन परिच्छेदांत, धुऊन-पुसून, इस्त्री करून. वादी असं म्हणतो, प्रतिवादी तसं म्हणतो, आता कायद्याचा प्रश्न बघू.

आमच्याकडे वडूजच्या कोर्टात बांधाचा दावा चालतो तेव्हा हकिकत अशी नसते. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर एक आणि खरेदीखतावर दुसरं असतं. एका फेरफारावर सही आहे, पण ज्याची सही तो त्या वर्षी मुंबईला गिरणीत होता. मोजणीचा नकाशा आहे, पण मोजणीच्या वेळी शेजारी हजर नव्हता असं त्याचं म्हणणं. चुलता सांगतो वहिवाट आमची, आणि साक्षीदार म्हणून आणतो आपल्याच मेहुण्याला. ह्या गुंत्यातून काय महत्त्वाचं, काय बिनकामाचं, कुठला कागद आधी मागवायचा आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज लगेच टाकायचा की थांबायचं, हे ओळखणं म्हणजे वकिली. दावा बहुतेक वेळा इथेच जिंकला किंवा हरला जातो. सुप्रीम कोर्टाचा निकाल पाठ असून इथे उपयोग नाही.

गंमत म्हणजे अभ्यासक्रम करणाऱ्यांना हे माहीत होतं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रात्यक्षिकाचे विषय सक्तीचे आहेत. दावे, कैफियती वगैरे मसुद्यांचे १५ सराव, दस्तऐवजांच्या मसुद्यांचे १५ सराव, तीन अभिरूप न्यायालयं, आणि प्रत्यक्ष कोर्टात बसून दोन खटल्यांचं निरीक्षण, एक दिवाणी आणि एक फौजदारी. कागदावर झकास आहे. प्रत्यक्षात काय होतं? तुमच्यापैकी ज्यांनी इंजिनिअरिंगची सबमिशन्स बघितली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. मागच्या वर्षीची जर्नल येते, तारखा बदलतात, सही होते. खटल्याचं निरीक्षण म्हणजे एक दिवस कोर्टात जायचं, मागच्या बाकावर बसायचं. नेमकी त्या दिवशी साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. मग खटला 'पाहिला' असं लिहायचं.

यात बिचाऱ्या मुलांना किंवा सरांना तरी किती दोष देणार? डॉक्टरकीच्या कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल असावंच लागतं. लॉ कॉलेजला स्वतःचं कोर्ट नसतं. खटला पाच-सात वर्षं चालतो, डिग्री तीन वर्षांत संपते. शिक्षणाच्या वेळापत्रकात खटला मावतच नाही. आणि वेळ-अंतर ओलांडून गोष्ट दाखवणं हे तर तंत्रज्ञानाचं हातखंडा काम आहे! म्हणून मला हे जास्त खुपतं.

आता त्या इंजिनिअरकडे येऊ.

मॉरिस फ्रिडमन. जन्म वॉर्साचा, पोलिश ज्यू, विजेचा इंजिनिअर. बंगळूरच्या सरकारी इलेक्ट्रिक फॅक्टरीत काम करता करता गांधीजींच्या आणि अध्यात्माच्या ओढीने पुरता इथला झाला. धनुष तकली त्याचीच. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेणाराही तोच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (होय, सूर्यनमस्कारवाले) यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा नुकताच इंग्लंडहून शिकून आलेला मुलगा, बॅरिस्टर अप्पासाहेब पंत, आणि हा फ्रिडमन असे दोघं कामाला लागले. गांधीजींचा सल्ला घेत मसुदा झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. भारताच्या घटनेच्या अकरा वर्षं आधी! पाया गावच्या निवडून आलेल्या पंचायतीचा. न्यायनिवाड्याचं कामसुद्धा गावापर्यंत नेलं. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतींशिवायची कैद्यांची वसाहत सुरू झाली. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ', ज्याची कथा-पटकथा आटपाडी भागातल्याच गदिमांची, तो याच प्रयोगावरून सुचलेला.

मला यात रस आहे तो एका मुद्द्यापुरता. बॅरिस्टरकडे कायदा होता. इंजिनिअरकडे 'ही गोष्ट चालते कशी' हे खाली वाकून बघायची सवय होती. दोघं मिळून गावोगाव फिरले. भांडण जिथे उगवतं तिथे, गावासमोर, त्याचा निवाडा व्हावा ही त्यामागची समजूत होती. यात न्यायाइतकंच शिक्षणही आहे. पंचायतीसमोर बसलेल्या माणसाला पुरावा म्हणजे काय, दुसऱ्या बाजूचं ऐकून घेणं म्हणजे काय, हे कुठल्याही पुस्तकाशिवाय कळतं. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि प्रयोग संपला. पंचायतीची न्यायालयं परत आणा असं मी म्हणत नाहीये. गावकीच्या न्यायाचे तोटेही आपल्याला चांगले माहीत आहेत. पण शिकणाऱ्याला भांडणाच्या उगमापाशी नेऊन बसवा, एवढा धडा घ्यायला काय हरकत आहे?

तर मग करायचं काय? मला सुचतात त्या चार गोष्टी, सोप्यापासून अवघडापर्यंत.

१. पहिल्या वर्षाला पाऊल ठेवल्याबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याला एक चालू खटला द्या. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या फुकट अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख, आधीच्या तारखांना काय झालं, कोर्टाचे हुकूम, सगळं दिसतं. तीन वर्षं त्याने त्या खटल्याच्या मागे राहायचं. तारीख का पडली, मनाई अर्जावर काय झालं, मुद्दे निघाले का. शक्य त्या तारखेला प्रत्यक्ष कोर्टात जायचं. याला एक रुपया लागत नाही, परवानगी लागत नाही. येत्या सोमवारी सुरू करता येईल.

२. निकाली निघालेल्या फायली उघडा. ही माझी मुख्य मागणी. ई-कोर्ट्सवर आपल्याला हुकूम आणि निकाल दिसतात. दावा, कैफियत, सरतपास, उलटतपास, निशाण्या पडलेले कागद दिसत नाहीत. जिल्ह्यातल्या कोर्टांतून पन्नासेक संपलेल्या फायली निवडा, नावं-गावं-गट नंबर बदला आणि कॉलेजांना द्या. मात्र पीडीएफचा गठ्ठा म्हणून नको, टप्प्याटप्प्याने. आधी फक्त अशिलाने आणून दिलेले कागद. विद्यार्थ्याने दावा लिहायचा, मगच खरा दावा उघडेल. मग समोरच्याची कैफियत. मग मुद्दे त्याने काढायचे, नंतर न्यायाधीशांनी काढलेले बघायचे. निकाल सगळ्यात शेवटी. आपण कोड रिव्ह्यूमध्ये दोन फायली शेजारी ठेवून फरक बघतो ना, अगदी तसं. माझ्या लिहिण्यात काय सुटलं हे ज्या क्षणी दिसतं, तो क्षण म्हणजे शिक्षण.

३. एआयला वकील करू नका, साक्षीदार करा. दावा लिहून द्यायला सांगितलं की एआय अर्ध्या मिनिटात देतो, आणि शिकायचं होतं ते राहून जातं. शिवाय नसलेले निकाल ठोकून देण्याची त्याची खोड प्रसिद्ध आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टात दाखल झाले आणि वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड बसला. त्यापेक्षा त्याला फाईल देऊन सांगा की तू या बांधाच्या दाव्यातला तलाठी आहेस, विचारलं तेवढंच सांगायचं, मराठीतच बोलायचं, आणि अडचणीचं आलं की 'आठवत नाही' म्हणायचं. मग विद्यार्थ्याने उलटतपास घ्यावा. दहा वेळा फसावा, अकराव्यांदा जमावा. सरांनी प्रश्नोत्तरं वाचून सांगावं की हा प्रश्न विचारायलाच नको होता. खऱ्या कोर्टात हा प्रयोग अशिलाच्या जिवावर होतो. इथे कोणाचं काही जात नाही.

४. हे सगळं मराठीत. तालुक्याच्या कोर्टात कामकाज, साक्ष, अर्ज मोठ्या प्रमाणावर मराठीत चालतात. मुलगा परीक्षेसाठी इंग्रजी शब्द घोकतो आणि कोर्टात पहिल्या दिवशी 'दरखास्त', 'पुरसीस', 'रोजनामा' ऐकून बावचळतो. मसुद्यांचा संग्रह मराठीत हवा आणि युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल म्हणजे शोधता न येणारं चित्र, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नकोच.

आता आक्षेप. पहिला, गोपनीयतेचा. तो खरा आहे. गावात नाव झाकलं तरी बांध ओळखतात. म्हणून फायली दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजला द्याव्यात, सातारच्या सोलापूरला, सोलापूरच्या नाशिकला. लैंगिक गुन्हे, लहान मुलं, नवरा-बायकोची प्रकरणं पूर्ण वगळावीत. पन्नास फायलींसाठी हे काम माणसांनी हाताने करावं, मशीनवर सोडू नये.

दुसरा आक्षेप पैशाचा. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ साली ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. त्यातले दोन हजार कोटींहून जास्त कोर्टाचे कागद स्कॅन करून जतन करण्यासाठी आहेत. म्हणजे तसेही ते कागद आपल्या पैशांनी स्कॅन होणारच आहेत. मी त्यातल्या चिमूटभरांबद्दल बोलतोय.

तिसरा आक्षेप जुन्याजाणत्या वकिलांचा असतो: "वकिली कॉलेजात येत नसते, सीनियरच्या हाताखालीच येते." खरंय. पण सीनियर कोणाला मिळतो? ज्याच्या घरात वकिली आहे त्याला चांगला मिळतो, आणि जेवणाच्या टेबलावरही तो शिकत असतो. माण-खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला मिळतं ते सीनियरची बॅग धरणं आणि तारखा घेणं. फाईल उघडून समजावून सांगायला त्या सीनियरला वेळ नसतो, आणि पोराला तोवर खोलीचं भाडं भरायचं असतं. दोन-तीन वर्षं असा टिकाव धरता आला नाही की तो वकिली सोडून स्पर्धा परीक्षेच्या मागे लागतो. जो टिकतो तो पहिल्या पाच-सहा अशिलांच्या दाव्यांवर हात बसवतो. ते अशील कोण असतात? ज्यांना मोठा वकील परवडत नाही ते. एका मुदतीत कैफियत दाखल झाली नाही, एक कागद मागवायचा राहिला, की त्यांची दोन एकर जातात. आपण ज्याला 'अनुभवातून शिकला' म्हणतो त्या अनुभवाचं बिल कोणीतरी भरलेलं असतं.

म्हणून मला हा सोयीचा नाही, न्यायाचा प्रश्न वाटतो. निकाल सगळ्यांना मिळायला लागले ते कोणीतरी विचारलं म्हणून, की हे नेमके कोणाच्या मालकीचे? तोच प्रश्न आता कागदांबद्दल विचारायची वेळ आली आहे.

सॉफ्टवेअर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. चार-पाच जणांनी मनावर घेतलं तर टप्प्याटप्प्याने फाईल उघडणारी साधी सिस्टीम काही महिन्यांत उभी राहील. अवघड आहे ते पहिल्या पन्नास फायली मिळवणं, आणि ते काम एखाद्या लॉ कॉलेजच्या प्राचार्यांनी जिल्हा न्यायाधीशांना पत्र लिहूनच सुरू होऊ शकतं. ते पत्र कोणी लिहिलं तर शनिवार-रविवार देऊन कोड लिहिणारे पुण्यात ढिगाने सापडतील. त्यातला एक मी धरा.